चार सोंगट्या आणि एक फासा

'पार्चीस' हा स्पेनमधील बार्सेलोना शहरात १९७९ साली उभा राहिलेला पाच मुलांचा गायनवृंद. तो जेमतेम सहा वर्षे चालला. एवढ्या अवधीत त्याच्या ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटी स्पेनपासून मेक्सिको-अर्जेंटिनापर्यंत पोचल्या, त्याच्यावर सात चित्रपट निघाले, आणि स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत बालवृंदांची एक लाटच उठली. ती लाट ओसरली तेव्हा पार्चीस उरला नव्हता. त्याला जन्म देणारी कंपनीही उरली नव्हती.

मुलांचा वृंद काढणे हा १९७० च्या दशकात स्पेनमध्ये अगदी शहाणपणाचा धंदा होता. त्या देशात १९६० पासून जवळजवळ सतरा-अठरा वर्षे दरसाल साडेसहा लाखांच्या वर मुले जन्माला येत होती. हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये वारला, १९७८ मध्ये नवी राज्यघटना आली. घराघरांत दूरचित्रवाणी संच होता, पण वाहिन्या दोनच, आणि दोन्ही सरकारी. संध्याकाळी मुलांच्या कार्यक्रमात जे दिसेल ते सगळ्या देशातील मुलांना एकाच वेळी दिसत असे. गाबी, फोफो आणि मिलिकी या विदूषक बंधूंनी १९७३ पासून आपल्या सर्कशीच्या कार्यक्रमातून हे सिद्ध केले होते. त्यांची गाणी पोरांच्या तोंडी होती आणि रेकॉर्डी दुकानांतून उडत होत्या. पुढे 'एन्रिके आणि आना' ही जोडी आली. त्यात एक तरुण गायक आणि एक लहान मुलगी होती. मुलांसाठी मोठ्यांनी गाण्याऐवजी मुलांसाठी मुलांनीच गायले तर माल अधिक खपतो, हे या जोडीने दाखवले.

बेल्टर ही बार्सेलोनाची ध्वनिमुद्रण कंपनी या बाजारात उशिरा उतरली. तिचा मूळ व्यापार वेगळा होता: मानोलो एस्कोबारसारख्या लोकप्रिय गायकांची गाणी, पारंपरिक कोप्ला, रुंबा. शहरी रसिक नाके मुरडतील, पण पेट्रोल पंपावर आणि खाणावळीत टांगलेल्या फिरत्या मांडणीतून ट्रकचालक हमखास विकत घेतील, असा हा माल. अशा कंपनीने मुलांकडे पाहिले ते कलेच्या दृष्टीने नव्हे. आधी रेकॉर्ड ठरली, मग ती गाण्यासाठी मुले शोधली गेली. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन चाचण्या घेतल्या आणि पाच जण निवडले: तिनो, जेम्मा, योलांदा, ऑस्कर आणि दाविद. थोरला तिनो बाराच्या आसपास, बाकीचे त्याहून लहान.

नावासाठी घरोघरचा एक खेळ उचलला. पार्चीस हा स्पेनमध्ये आजी-नातवंडे जेवणानंतर मांडून बसतात तो पटाचा खेळ. भारतातील पच्चीसीचे ते युरोपात जाऊन पालटलेले रूप आहे. त्याच पच्चीसीचे इंग्लंडमध्ये लूडो झाले आणि लूडो म्हणूनच ती पुन्हा भारतात परतली. स्पॅनिश पटावर लाल, हिरव्या, पिवळ्या आणि निळ्या सोंगट्या असतात. चार मुलांना हे चार रंग नखशिखांत दिले. तिनो लाल, जेम्मा हिरवी, योलांदा पिवळी, ऑस्कर निळा. पाचव्यासाठी रंग उरला नाही म्हणून दाविद पांढऱ्या कपड्यांत फासा झाला.

ही युक्ती वरवर पोशाखाची वाटते, पण वृंदाची पुढची सगळी कहाणी तिच्यात आहे. प्रेक्षकातल्या पाच वर्षांच्या पोराला नाव लक्षात राहिले नाही तरी रंग राहतो, आणि त्याला आपला एक रंग निवडता येतो. लाल पोशाखाच्या आत कोण आहे याला मात्र कंपनीच्या लेखी फारसे महत्त्व नव्हते. नाव, रंग आणि बोधचित्र कंपनीचे होते. मुले त्या घरांत बसवलेल्या सोंगट्या होत्या, आणि सोंगटी बदलता येते.

पहिली ध्वनिमुद्रिका १९७९ मध्येच आली, लहानग्यांच्या पंचवीस गाण्यांची. तिच्यात शाळेत म्हटली जाणारी जुनी गाणी, बडबडगीते आणि काही नवी रचना होत्या. पुढच्या मुद्रिकांमध्ये कंपनीने दुसरा मार्ग धरला. गाजलेली परदेशी गाणी घ्यायची, त्यांना मुलांना शोभेल असे स्पॅनिश शब्द लावायचे आणि डिस्कोच्या ठेक्यावर पाच जणांकडून एका सुरात गाऊन घ्यायची. अमेरिकेतील व्हिलेज पीपल या वृंदाचे नौदलावरचे गाणे असेच मुलांच्या तोंडी आले. मूळ गाण्यातील मोठ्यांसाठीचा खट्याळपणा पार गाळला गेला आणि उरली ती खलाशांची कवायत. जपानी मुळाची 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' ही कार्टून मालिका स्पेनमध्ये 'कोमांदो हे' या नावाने दाखवली जात होती. तिच्यावरचे पार्चीसचे गाणे १९८० मध्ये इतके चालले की पुष्कळांच्या आठवणीत मालिका आणि वृंद एकमेकांत मिसळून गेले आहेत. वाढदिवसाचे त्यांचे गाणे तर आजही स्पेन आणि लॅटिन अमेरिकेत मेणबत्त्या विझवताना लावले जाते.

संगीताची गुणवत्ता हा या मुद्रिकांचा दावा कधीच नव्हता. वादक व्यावसायिक, वाद्यमेळ नीटस, आवाज पाचही एकत्र; एकट्याने गायला लावले की मुलांचा कच्चेपणा उघडा पडे, म्हणून एकल ओळी थोड्या. मात्र त्या गाण्यांत मोठ्यांनी मुलांशी लाडे लाडे बोलण्याचा स्वर नाही. त्या काळच्या इतर बालगीतांच्या शेजारी ठेवून ऐकले तर हा फरक चटकन कानात भरतो, आणि त्यांच्या यशाचे एक खरे कारण तेच असावे.

चित्रपट हा या धंद्याचा दुसरा पाय. हाविएर अगिर्रे या दिग्दर्शकाने १९८० मध्ये 'मुलांचे युद्ध' अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट काढला. कथा शाळेतल्या खोड्यांची, मोठ्यांना चकवण्याची; मध्ये मध्ये गाणी. तो चालला म्हणून १९८१ मध्ये त्याचा दुसरा भाग, १९८२ मध्ये तिसरा आणि १९८३ मध्ये चौथा चित्रपट आला. अगिर्रे हा गृहस्थ स्पेनमधील प्रायोगिक चित्रपटकारांपैकी एक. कथेशिवायच्या, रूढ सिनेमाला नकार देणाऱ्या लघुपटांना त्याने स्वतःच 'प्रति-सिनेमा' असे नाव दिले होते. असल्या चित्रपटांना पैसा कोण देणार? पोटासाठी त्याने विनोदी चित्रपट केले, आणि पार्चीसचे चित्रपट त्याच रांगेतले. आणखी तीन चित्रपट अर्जेंटिनात निघाले. तिथे दिग्दर्शक होता मारिओ साबातो, प्रख्यात कादंबरीकार एर्नेस्तो साबातोचा मुलगा. त्या वेळी अर्जेंटिनात लष्करी राजवट होती आणि एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनशी माल्विनास बेटांवरून युद्ध पेटले. माणसे नाहीशी होत असलेल्या त्या देशात पाच रंगीत मुले अदृश्य संशोधकाचा पाठलाग करत पडद्यावर धावत होती.

लॅटिन अमेरिकेत पार्चीसला जे मिळाले ते स्पेनमध्येही मिळाले नव्हते. मेक्सिकोत विमानतळापासून हॉटेलपर्यंत मुलांच्या आणि आयांच्या झुंडी, मैदाने भरून कार्यक्रम, दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा बोलावणे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येही कार्यक्रम झाला. दौरे महिनोन्महिने चालत. आईवडील बार्सेलोनात, बरोबर कंपनीने नेमलेली माणसे. त्यांत होआकिन ओरिस्ट्रेल नावाचा एक तरुण मुलांचा सांभाळकर्ता म्हणून होता. पुढे तो स्पेनमधील नावाजलेला पटकथाकार आणि दिग्दर्शक झाला. शाळा कागदावर चालू होती. सकाळी चित्रीकरण, दुपारी मुलाखत, संध्याकाळी दोन प्रयोग, अशा दिवसात पुस्तक उघडायचे कधी, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. मोठ्या झालेल्या या मुलांनी नंतर जे सांगितले त्यात दोन्ही गोष्टी आहेत: कुणी ओरडायला नाही अशा हॉटेलातली मजा, आणि थकवा. पैशाबद्दल मात्र त्यांचे म्हणणे बहुतेक एकच आहे. गल्ला मोठा होता, आणि त्यातला फारच थोडा वाटा त्यांच्या घरी पोचला.

याच दौऱ्यांच्या काळात पहिली सोंगटी बदलली. ऑस्कर बाहेर पडला आणि निळे कपडे फ्रँक या मुलाला मिळाले. रंग तोच राहिल्याने गाडी अडली नाही. पण तिनो गेला तेव्हा तसे झाले नाही. १९८३ पर्यंत तो सोळा वर्षांचा झाला होता. आवाज फुटला होता, उंची वाढली होती, आणि त्याला स्वतःच्या नावावर गायचे होते. लाल रंग दुसऱ्या मुलाला दिला गेला, पण प्रेक्षकांना रंगाआडचा चेहरा आता ठाऊक झाला होता. चार वर्षे चित्रपटांतून आणि दूरचित्रवाणीवरून ज्याला पाहिले तो पुढारी मुलगा एकाएकी वेगळा कसा? कंपनीचा हिशेब इथे चुकला. पाच वर्षांच्या पोरासाठी रंग पुरेसा असतो. तेच पोर नऊ वर्षांचे झाले की त्याला तिनोच हवा असतो.

मोठे होत होते ते गाणारेच नव्हते, ऐकणारेही होते. १९७९ मध्ये ज्यांनी पहिली रेकॉर्ड घेतली ती मुले १९८४ मध्ये तेरा-चौदाची झाली, आणि त्या वयात धाकट्या भावंडांची गाणी ऐकणे लाजिरवाणे ठरते. त्यांची जागा घेणारी धाकटी पिढी संख्येने लहान होती. स्पेनमधील वार्षिक जन्मसंख्या १९७६ मध्ये पावणेसात लाखांच्या घरात होती, ती १९८५ पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास घसरली. बाजारच आकसत होता. पलीकडे मेक्सिकोच्या पेसोचे १९८२ मध्ये दोनदा जबर अवमूल्यन झाले, म्हणजे तिथे पेसोत कमावलेल्या गल्ल्याचे स्पेनमध्ये आणल्यावर मोल फारच कमी उरू लागले. आणि बेल्टर कंपनीची स्वतःची अवस्था बिकट झाली. कॅसेट घरच्या घरी उतरवून घेता येऊ लागल्यापासून तिचा पंप-खाणावळीचा व्यापार पोखरला गेला होता. १९८० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातच ती बुडाली आणि तिच्या ध्वनिमुद्रणांचा साठा दुसऱ्याच्या हातात गेला. पार्चीस आणखी थोडा काळ, नव्या-जुन्या चेहऱ्यांसह, रेटला गेला आणि १९८५ च्या सुमारास थांबला. निरोपाचा भव्य प्रयोग वगैरे काही झाले नाही.

बालवृंदाच्या धंद्यातली मूळ अडचण अशी की मूल मोठे होते. या अडचणीवर दुसरीकडे निघालेले उपाय पार्चीसच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

सर्वांत थंड डोक्याचा उपाय पोर्तो रिकोतल्या 'मेनुदो' या मुलग्यांच्या वृंदाचा. त्याचा संस्थापक एदगार्दो दियास याने आधी 'ला पांदिया' या स्पॅनिश बालवृंदाबरोबर काम केले होते. ती मुले वाढताच वृंद कसा ओसरतो हे त्याने जवळून पाहिले होते. म्हणून १९७७ मध्ये मेनुदो काढताना त्याने नियमच केला: सोळा पूर्ण होताना मुलगा बाहेर, नवा आत. पार्चीसने नाइलाजाने जे केले ते इथे पहिल्या दिवसापासून पद्धत म्हणून होते, आणि प्रेक्षकांनाही ते माहीत होते. जाणाऱ्याचा निरोप आणि येणाऱ्याचे स्वागत हाच एक सोहळा झाला. १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेनुदोसाठी उसळलेल्या गर्दीची दखल अमेरिकेच्या इंग्रजी वृत्तपत्रांनाही घ्यावी लागली. १९८४ मध्ये बारा वर्षांचा रिकी मार्टिन आत आला आणि १९८९ मध्ये बाहेर पडला. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी भारतातही वाजलेला आवाज त्याचाच. मेनुदोला वाढत्या वयाने मारले नाही. १९९० नंतर अमली पदार्थांचे प्रकरण आणि व्यवस्थापनाविरुद्ध पालकांनी केलेले गैरवर्तनाचे आरोप यांनी तो खिळखिळा झाला; दियासने ते आरोप नाकारले. पुढे नावाचे हक्क विकले गेले. माणसे बदलूनही चालणाऱ्या वृंदात विकण्याजोगे जे असते ते नावच.

मेक्सिकोतील बलाढ्य तेलेविसा कंपनीने उलटा रस्ता धरला. पार्चीसच्या दौऱ्यांचे यश पाहून, हा पैसा परक्यांनी का न्यावा, या विचाराने तिने आपला वृंद उभा केला आणि त्यालाही एका खेळाचेच नाव दिले: 'तिंबिरिचे', म्हणजे कागदावर ठिपके जोडून चौकोन बंद करण्याचा खेळ. ३० एप्रिल १९८२ ला, मेक्सिकोच्या बालदिनी, तो लोकांसमोर आला. तेलेविसाने या मुलांना वाढू दिले. १९८४ मध्ये त्यांच्याकडून 'ग्रीस' या अमेरिकी संगीतिकेचा स्पॅनिश प्रयोग करवला आणि हळूहळू गाणी शाळेतून पौगंडावस्थेच्या प्रेमाकडे नेली. वृंद प्रेक्षकांबरोबर मोठा झाला. माणसे इथेही बदलली, पण रंगाची किंवा वयाची सक्ती नव्हती. पाउलिना रुबिओ आणि थालिया या पुढच्या काळातील मोठ्या गायिका याच वृंदातल्या. तो १९९४ पर्यंत चालला. कलाकार घडवणारी शाळा, दूरचित्रवाणी आणि रेकॉर्ड कंपनी एकाच मालकाकडे असल्याने हे शक्य झाले. बेल्टरकडे यांतले एकच होते.

ब्राझीलमध्ये 'बालाँव माजिको' या वृंदाने (१९८२ ते १९८६) पोर्तुगीज भाषेत तीच हवा निर्माण केली. त्याच्यातला माइक हा मुलगा इंग्लंडमधील १९६३ च्या आगगाडी दरोड्यातील फरारी कैदी रॉनी बिग्ज याचा. १९८१ मध्ये बिग्जला रिओतून पळवून नेले गेले तेव्हा मुलाने दूरचित्रवाणीवर बापाला परत द्या अशी विनवणी केली, आणि तो चेहरा रेकॉर्ड कंपनीच्या माणसाच्या नजरेत भरला. बालकलाकार निवडण्याच्या पद्धतींत ही बहुधा एकमेवाद्वितीय म्हणावी.

स्पेनमध्ये पार्चीसमागोमाग निघालेले वृंद अल्पायुषी ठरले. कायदाही याच सुमारास बदलला. १९८० च्या कामगार कायद्याने सोळा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे मना केले होते. सार्वजनिक प्रयोगांचा अपवाद होता, पण तोही श्रम खात्याच्या परवानगीने. १ ऑगस्ट १९८५ च्या शाही आदेशाने रंगमंचावरील कलाकारांच्या नोकरीचे स्वतंत्र नियम घालून दिले आणि त्यात ही परवानगी कशी मागायची तेही स्पष्ट केले. अर्ज पालकांनी करायचा. मुलाला समज असेल तर त्याचीही संमती हवी. काम त्याच्या आरोग्याला किंवा घडणीला बाधक नसावे. हा आदेश पार्चीसमुळे आला असे म्हणता येणार नाही, तो साऱ्या कलाकारांसाठी होता. पण त्याच्यानंतर पाच मुलांना महिनोन्महिने समुद्रापार फिरवणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही. १९९० मध्ये खाजगी वाहिन्या सुरू झाल्या आणि मुलांचा प्रेक्षकवर्ग फुटला. साऱ्या देशातील मुले एकाच वेळी एकच कार्यक्रम पाहत आहेत, ही पार्चीसच्या काळातली परिस्थितीच संपली.

पाच जणांतली योलांदा मेक्सिकोला जाऊन 'गारिबाल्दी' या वृंदात शिरली आणि पुढे तिथल्या मालिकांची अभिनेत्री झाली. तिनोची स्वतंत्र गायकी पूर्वीच्या उंचीला पोचली नाही. दानिएल आरासान्स या दिग्दर्शकाने २०१९ मध्ये वृंदावर माहितीपट काढला, तेव्हा चाळिशी-पन्नाशीतल्या या मंडळींनी कॅमेऱ्यासमोर दौऱ्यांच्या, भांडणांच्या आणि न मिळालेल्या पैशांच्या गोष्टी मोकळेपणी सांगितल्या. कमाई नेमकी कुठे गेली याचा छडा माहितीपटालाही लागला नाही, कारण ज्या कंपनीच्या वह्या पाहायच्या ती कधीच बंद झाली होती.